स्वादुपिंडातील स्रावी गाठी आणि त्यांचा आनुवंशिक वारसा

स्वादुपिंडाच्या गाठीचे नाव निघाले की वेगाने पसरणारा कर्करोगच डोळ्यांपुढे येतो. तो बहुधा पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या पेशींत उद्भवतो. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या गाठींचा. १८६९ मध्ये पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने स्वादुपिंडात विखुरलेली पेशींची बेटे प्रथम पाहिली. त्यांचे कार्य मात्र त्याला उमगले नव्हते. ही बेटे इन्सुलिनसारखी संप्रेरके थेट रक्तात सोडतात. अशा संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींच्या गाठी ‘न्यूरोएंडोक्राइन’ वर्गात मोडतात. २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपला आजार जाहीर केला, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यातील ‘न्यूरो’मुळे अनेकांना तो मेंदूचा विकार वाटला आणि तसे नेहमीच नसते, हे त्यांना स्वतःच सांगावे लागले.

यांपैकी अनेक गाठी मुक्या असतात. ज्या स्रवतात, त्या मात्र आकाराने लहान असूनही सगळ्या शरीराला वेठीस धरतात, आणि त्यांची लक्षणे स्वादुपिंडाकडे बोट दाखवत नाहीत.

इन्सुलिनोमा हे त्याचे ठळक उदाहरण. ही गाठ बहुधा एकच, दोन सेंटिमीटरहून लहान आणि दहांपैकी नऊ रुग्णांत कर्करोगाची नसते. परंतु पोट रिकामे असतानाही ती इन्सुलिन सोडत राहते. रक्तातील साखर घसरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, प्रसंगी झटका येतो. काही गोड खाल्ले की माणूस सावरतो. त्यामुळे असे रुग्ण वर्षानुवर्षे अपस्माराची किंवा मनोविकाराची औषधे घेत राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात विपुल आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९२६ साली अशाच एका रुग्णावर शस्त्रक्रिया झाली; तो स्वतः शल्यचिकित्सक होता. गाठ यकृतापर्यंत पसरलेली होती. तिचा अर्क सशांना टोचताच त्यांची साखर उतरली आणि दोष कोठे आहे हे सिद्ध झाले. १९२९ मध्ये टोरांटोत रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला.

निदानासाठी ॲलन व्हिपल यांनी घातलेल्या तीन अटी आजही मानल्या जातात : साखर उतरल्याची लक्षणे, त्याच वेळी रक्तात साखर कमी आढळणे आणि साखर देताच लक्षणे ओसरणे. खात्रीसाठी रुग्णाला इस्पितळात देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात. मधुमेह नसलेल्या माणसाला उपवासाच्या दिवशी वारंवार भोवळ येत असेल, वागणे बदलत असेल, तर ते अशक्तपणावर ढकलण्यापूर्वी त्या क्षणीची साखर मोजलेली बरी.

दुसरी गाठ गॅस्ट्रिनोमा. १९५५ मध्ये रॉबर्ट झोलिंजर आणि एडविन एलिसन या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी दोन स्त्रियांची हकिकत मांडली. शस्त्रक्रिया करूनही त्यांच्या आतड्यात पुन्हा पुन्हा व्रण होत होते. कारण होते गॅस्ट्रिन या संप्रेरकामुळे जठरात सुटणारे अमाप आम्ल. ही गाठ स्वादुपिंडाप्रमाणेच, किंबहुना अधिक वेळा, लहान आतड्याच्या आरंभी आढळते आणि तिची कर्करोगी होण्याची प्रवृत्ती मोठी. आज आम्ल रोखणाऱ्या गोळ्या सहज मिळतात. त्या रुग्णाला आराम देतात आणि गाठीला आडोसाही. व्रणासोबत दीर्घकाळ जुलाब होत असतील, तर त्याला नुसते आम्लपित्त म्हणून सोडून देणे योग्य नव्हे.

गॅस्ट्रिनोमाच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत गोष्ट एका गाठीवर थांबत नाही. पॉल वर्मर यांनी १९५४ मध्ये एकाच कुटुंबात, वडील आणि मुलींमध्ये, अनेक अंतःस्रावी ग्रंथींच्या गाठी नोंदवल्या. हाच ‘मेन-१’ विकार. त्यात गळ्यातील पॅराथायरॉईड, स्वादुपिंड आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी या ग्रंथी ग्रासल्या जातात. याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असून १९९७ मध्ये ते हाती लागले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पहिले नाव चंद्रशेखरप्पा हे आहे. विकार सुमारे तीस हजारांत एकाला होतो, पण रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही.

बहुतेकांत आरंभ पॅराथायरॉईडपासून होतो. रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मुतखडे होऊ लागतात. आपल्याकडे मुतखडा इतका परिचित की कॅल्शियम तपासण्याचे कोणाला सुचत नाही. तरुण वयात वारंवार खडे, भावाला पोटाचे व्रण, आईची पिट्युटरीची गाठ : हे तीन आजार तीन डॉक्टरांकडे जातात आणि एकत्र कोणीच पाहत नाही. विशेष म्हणजे, पॅराथायरॉईडची शस्त्रक्रिया करून कॅल्शियम उतरवले की अनेकदा गॅस्ट्रिनही कमी होते.

‘मेन-२’ हा वेगळा विकार. त्यात ‘रेट’ जनुकाचा दोष असतो आणि थायरॉईडचा एक विशिष्ट कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. म्हणून दोष आढळलेल्या मुलांची थायरॉईड ग्रंथी लहानपणीच, दोषाच्या काही प्रकारांत तर वयाच्या पहिल्या वर्षातच, काढतात. ‘मेन-१’मध्ये अशी सोय नाही. कोणत्या ग्रंथीत, केव्हा गाठ येईल हे जनुक सांगत नाही आणि स्वादुपिंड आगाऊ काढून टाकता येत नाही. उरते ती नियमित पाळत : दरवर्षी रक्ततपासणी, ठरावीक अंतराने एमआरआय, आणि मुलांबाबत काही तपासण्या पाचव्या वर्षापासून. धडधाकट मुलाच्या माथी हे ओझे द्यावे का, असा प्रश्न आईवडिलांना पडतो, आणि तो क्षुल्लक नाही. मात्र दोष ज्या अपत्यात आढळत नाही, त्याची या साऱ्या तपासण्यांतून कायमची सुटका होते. त्यासाठी आधी रुग्णाच्या रक्तातून कुटुंबातील नेमका दोष शोधावा लागतो. मगच भावंडांची आणि मुलांची चाचणी अर्थपूर्ण ठरते.