न पटणाऱ्या गोष्टींचा न्याय

एस. एस. राजामौली यांच्या 'ईगा' (२०१२) या तेलुगू चित्रपटात खून झालेला प्रियकर माशीचा जन्म घेतो आणि आपल्या खुन्याला जेरीस आणतो. हे कोणत्याच तर्कात बसणारे नाही. तरीही दोन तास आपण त्या माशीच्या बाजूने असतो, कारण तिचे गाऱ्हाणे तर्कात बसते. अद्भुतपटाचे मर्म मला येथेच दिसते: गोष्ट कितीही अशक्य असो, तिच्या बुडाशी असलेला अन्याय खरा हवा.

पुण्यात हे मर्म १९३६ सालीच ओळखले गेले होते. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. आज जेथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तेथे तिचा स्टुडिओ होता. समुद्रापासून दूरच्या या शहरात व्ही. शांताराम यांनी 'अमर ज्योती' हा समुद्री चाच्यांचा हिंदी चित्रपट काढला, आणि चाच्यांच्या सरदारपदी बसवली एक स्त्री! दुर्गा खोटे यांची सौदामिनी शाही गलबत लुटते, चंद्रमोहन यांच्या दुर्जय या न्यायमंत्र्याला कैद करून त्याचा पाय तोडते. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

सौदामिनी चाची का होते? पोटच्या मुलावरचा तिचा हक्क न्यायासन नाकारते म्हणून. कथेतली तलवार आणि गलबते काल्पनिक असतील. हा नकार मात्र प्रेक्षकांच्या ओळखीचा होता. तेव्हाच्या हिंदू कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आई त्याच्यानंतर. पुढे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमातही हाच क्रम राहिला. 'नंतर' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, त्याच्या गैरहजेरीतही आई पालक ठरू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात लावला तो १९९९ मध्ये. 'अमर ज्योती'नंतर तब्बल ६३ वर्षांनी!

शांतारामांनी १९३७ मध्ये 'कुंकू' काढला. म्हाताऱ्या बिजवराशी लावून दिलेले लग्न मनाने न स्वीकारणारी नीरा त्यात शांता आपटे यांनी साकारली. 'अमर ज्योती'तली राजकन्याही त्याच होत्या. 'कुंकू' घराघरातला म्हणून समाजाला भिडला आणि लक्षात राहिला. चाचीण पोशाखी करमणुकीच्या खात्यात गेली. मला ही वाटणी अन्यायाची वाटते. घरातल्या बाईने जे विचारायचे, ते आदल्या वर्षी गलबतावरच्या बाईने विचारून झाले होते. गंमत अशी, की 'कुंकू' ज्या कादंबरीवर बेतला, तिला नारायण हरी आपटे यांनी नाव दिले होते 'न पटणारी गोष्ट'!