सामाईक भिंत

मंजुरीच्या नकाशात रंग ठरलेले असतात. नवं बांधायचं ते लाल, पाडायचं ते पिवळं, आणि मंजुरी सोडून आधीच बांधून बसला असाल तर लाल तिरप्या रेघा. शेजाऱ्याला मात्र रंग नाही. सिडको या सरकारी महामंडळाच्या वसाहतीतल्या घरांच्या वाढीव बांधकामाचे नकाशे काढण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, ट्रेसिंग पेपर आणि अमोनियाच्या वासापासून ते संगणकावरच्या फायलींपर्यंत. पण शेजाऱ्याचं म्हणणं मागणारा रकाना मी अर्जात पाहिला नाही.

त्या वेळी आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि ते झपाट्यानं फुगत होतं. चिकलठाण्याची एमआयडीसी आधीच चालू झालेली, 1981 ला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं, 1982 च्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली, 1985 ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. 1991 च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आसपास लोक होते, 2011 ला पावणेबारा लाख. एवढ्या माणसांना दिल्ली गेट, पैठण गेटच्या आतलं जुनं गाव पुरणारच नव्हतं. सत्तरच्या दशकात सिडको इथे आली ती त्यासाठीच. वसाहतींना एन-एक, एन-दोन असे आकडे पडले, आणि पत्ता सांगताना लोक गल्लीबोळांऐवजी एन-सात, एन-नऊ म्हणू लागले.

अल्प उत्पन्न गटासाठी जी घरं बांधली ती ओळीनं, एकाला एक लागून. एक खोली, स्वयंपाकघर, पुढे चार हात अंगण, मागे मोरी-संडास. मधली भिंत दोघांची. घर लहानच द्यायचं, ऐपत येईल तसं कुटुंब ते वाढवील, हा हिशेब चुकीचा नव्हता. चुकलं ते भिंतीत. सुरुवातीच्या काळात सिडकोचे मुख्य वास्तुविशारद असलेले चार्ल्स कोरिया यांनी पुढे ऐंशीच्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज आखलं. तिथली घरंही वाढवण्यासाठीच होती, पण एकाही घराची भिंत दुसऱ्याला लागू दिली नाही. ज्याला वाढवायचं त्यानं आपल्या जागेत वाढवावं, शेजाऱ्याचं प्लास्टर हलू नये. आमच्याकडे जागा वाचली आणि भांडणं वाढली.

वाढीव बांधकामाचा क्रम घरोघरी एकच. आधी मागच्या मोकळ्या जागेवर पत्रे, मग पुढच्या ओट्याला जाळी, मग मुलाचं लग्न ठरलं की वरचा स्लॅब. खरी मेख जिन्याची. आतून जिना काढला तर खोली जाते, म्हणून तो पुढच्या मार्जिनमधून बाहेरून काढायचा. बाहेरून जिना आला की वर भाडेकरू ठेवता येतो, आणि भाड्यावर बँकेचा हप्ता भागतो. जिन्याची रेघ काढताना गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून वाकून बघायचं: ‘‘साहेब, आजून सहा इंच सरकवा की तिकडं.’’ तिकडं म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीसमोर.

आणि भिंत? जो पहिल्यांदा बांधतो तो स्लॅबचं टोक नऊ इंची भिंतीवर पार पलीकडच्या कडेपर्यंत टेकवतो. काही वर्षांनी शेजारी बांधायला काढतो तेव्हा त्याच्या वाट्याला टेकूच उरलेला नसतो. दोन स्लॅबच्या सांध्यातून पावसाळ्यात ओल उतरते, ती नेमकी कुणाच्या तरी देवघरात. एका ओळीत अशा ओलीवरून दोन घरांचं हळदीकुंकू बंद झालेलं मी बघितलं आहे.

हरकतीचा अर्ज यायचा तो अशाच घरांतून. अर्जदार येतो, आवाज चढवतो, पोच घेऊन जातो. कागद फाइलला लागतो. कारण 1966 च्या नगररचना कायद्याखाली अधिकाऱ्याला बघायचं असतं ते मालकीचे कागद, चटई क्षेत्र, मार्जिन आणि रस्त्याची रुंदी. साठ दिवसांत काही कळवलं नाही, तर नियमात बसणाऱ्या कामाला परवानगी मिळाली असंच धरायचं. पलीकडच्या खोलीत उजेड उरेल का, हा प्रश्न तिथे नसतो. तो जातो दिवाणी न्यायालयात, 1882 च्या सुविधाधिकार कायद्याखाली. तिथे वीस वर्षं बिनहरकत मिळालेला उजेड आणि वारा सिद्ध करत बसायचं. तोवर वर भाडेकरू राहायला आलेला असतो.

बऱ्याच लोकांना वाटतं, नगरसेवकानं मनावर घेतलं तर मंजुरी अडते. घराचा नकाशा सभागृहात मताला जातच नाही; तो आयुक्तांच्या अधिकारातला विषय. एप्रिल 2020 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिले, तरी या कामात काडीचा फरक पडला नाही तो म्हणूनच. इंग्लंडात 1947 च्या नगररचना कायद्यानंतर वेगळी रीत पडली. तिथली नगरपरिषद शेजाऱ्यांना कळवते, एकवीस दिवस म्हणणं ऐकते, आणि वाद चिघळला तर निवडून आलेले सदस्य हात वर करून ठरवतात. त्यात वेळ जातो, कुचकट माणसांचंही फावतं. पण निदान भांडण वीट लागायच्या आधी होतं.

1 एप्रिल 2006 ला सिडकोच्या वसाहती महापालिकेकडे आल्या. भाडेपट्टा सिडकोचा आणि बांधकाम परवानगी महापालिकेची, अशी दोन दारं झाली. लोकांनी दोन्ही टाळून थेट गवंडी गाठला, यात मला नवल वाटत नाही. गुंठेवारीत तर पहिल्यापासून परवानगीच नव्हती: शेत तुकड्यानं विकलं, बाँडवर सह्या झाल्या, घर उभं. तिथली बांधकामं नियमित करायला 2001 ला कायदा आला, 2021 ला दुरुस्ती करून डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. सरकारनं शुल्क घेतलं, शिक्का दिला. दोन घरांमधली बोळ मात्र होती तेवढीच राहिली.

2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनं दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांची मंजुरी सोपी केली. हे चांगलं झालं, हेलपाटे वाचले. पण मंजुरी जितकी लवकर, तितका शेजाऱ्याला पत्ता लागण्याचा अवधी कमी. त्या नियमावलीत एका ओळीची भर घालावी: सामाईक भिंतीच्या घरात मजला चढवायचा असेल, तर नकाशाची प्रत शेजाऱ्याला आणि पंधरा दिवसांची मुदत. ती ओळ येईल तेव्हा येईल. तोवर तुम्ही स्लॅब टाकणार असाल तर प्रत आपणहून नेऊन द्या, भिंतीच्या मध्यापर्यंतच टेकू घेणार हे लिहून द्या, आणि पोच घ्या.