दान कीं निक्षेप? एका मुखचित्राच्या घड्यांचा विचार

जुन्या कागदाची किंमत लिलावांत ठरते. त्याचा आगम लिलावांत ठरत नाहीं. पोथ्या व दप्तरें जमविणारांस ही गोष्ट सांगावयास नको. परंतु तिचें एक बोधप्रद उदाहरण अलीकडे अशा क्षेत्रांत घडलें आहे कीं, त्याचें नांव काढतांच आमचे कांहीं वाचक पान उलटतील. मुलें ज्यांस कॉमिक म्हणतात त्या चित्रकथा छापण्यापूर्वीं चित्रकार जीं मूळ चित्रें हातानें काढतो, त्यांचा संग्रह व लिलाव हें तें क्षेत्र होय. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें या लिलावांची हकीकत आम्हांस प्रथम सांगितली तेव्हां आम्हांसहि हंसूंच आलें. पुढें ती तपशिलानें वाचल्यावर मात्र हंसूं मावळलें. कारण तेथील संग्राहक ज्या प्रश्नाशीं झगडत आहेत, तोच प्रश्न आमच्या स्वतःच्या कपाटांत गेलीं तीस वर्षें एका रुमालांत बांधून ठेवलेला आहे. त्या रुमालाविषयीं शेवटीं सांगूं.

प्रथम या मूळ पानाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. अमेरिकेंत तें जाड, गुळगुळीत कागदावर काढीत. १९६७ च्या सुमारापर्यंत तें छापील पानाच्या दुप्पट लांबरुंद असे. पुढें दीडपट झालें. एकानें शिसपेन्सिलीनें आकृति काढावी, दुसऱ्यानें तिच्यावर शाई फिरवावी, तिसऱ्यानें अक्षरें घालावीं, चुकलेलें पांढऱ्या रंगानें झांकावें, प्रसंगीं कागदाचा तुकडा वरून चिकटवावा, असें हें काम चाले. मग त्याचें छायाचित्र घेऊन ठसा करीत. ठसा झाला कीं मूळ कागदाचें काम संपलें. पुस्तक छापून झाल्यावर आपल्याकडे मुद्रणप्रतीची जी गत होते तीच या पानांची झाली. कित्येक फाडलीं गेलीं, कित्येक पाहुण्यांस वाटलीं गेलीं. गेल्या शतकांतील किती मराठी ग्रंथकारांच्या मुद्रणप्रती आज शिल्लक आहेत, हें वाचकांनीं मनांशीं मोजून पाहावें, म्हणजे परक्यांस हंसण्याचा अधिकार आपल्यास फारसा उरत नाहीं हें कळेल.

या पानांत छापील पुस्तकाहून अधिक कांहीं असतें काय, असा प्रश्न कोणी विचारील. पुष्कळ असतें. जॅक कर्बी (१९१७–१९९४) या चित्रकारानें न्यूयॉर्कच्या मार्व्हल या प्रकाशनासाठीं १९६० नंतरच्या दशकांत सहस्रावधि पानें काढिलीं. तेथील रीत अशी होती कीं, कथेविषयीं तोंडीं थोडें बोलणें व्हावें, मग चित्रकारानें सर्व कथा चित्रांत मांडावी, आणि संवाद मागाहून स्टॅन ली यांनीं लिहावे. कर्बी पानाच्या समासांत, चित्रांत काय घडत आहे, हें पेन्सिलीनें लिहून ठेवी. छापतांना समास कापला जाई. मूळ पानावर तो राहिला. कथा कोणी रचली हा त्या दोघांविषयींचा वाद आजहि संपलेला नाहीं, आणि त्यांतील समकालीन लेखी पुरावा म्हणजे हा समास. टीकेवांचून मूळ छापावें आणि टीका पोथीच्या कडेलाच राहावी, तसा हा प्रकार आहे. अर्थात् अशा पानाची मालकी कोणाकडे व कशी गेली, या प्रश्नास केवळ द्रव्याचें महत्त्व नाहीं.

आतां मुख्य उदाहरणाकडे वळूं. बेल्जियममध्यें जॉर्ज रेमी (१९०७–१९८३) नांवाचा चित्रकार होऊन गेला. आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून, त्यांच्या फ्रेंच उच्चारावरून त्यानें एर्जे हें टोपणनांव घेतलें. टिनटिन हा त्याचा मानसपुत्र आपल्या मुलांसहि ठाऊक आहे. त्याची चीन देशांत घडणारी कथा १९३४–३५ सालीं एका वृत्तपत्राच्या मुलांच्या पुरवणींत क्रमशः आली व १९३६ सालीं कास्टरमान या प्रकाशकांनीं ग्रंथरूपानें काढिली; इंग्रजी वाचक तिला 'द ब्लू लोटस' म्हणतात. तिच्या मुखपृष्ठासाठीं एर्जेनें प्रथम एक चित्र रंगविलें. काळ्या पार्श्वभूमीवर तांबडा अजस्र सर्पासुर, आणि खालीं चिनी मातीच्या रांजणांतून डोकावणारे टिनटिन व त्याचा कुत्रा. रंगछपाईचा खर्च फार येईल म्हणून तें नापसंत झालें. मग त्यानें सोपें रूप करून दिलें; छापील पुस्तकावर तांबड्या भूमीवर काळा सर्पासुर आहे तो त्यामुळें. नापसंत चित्र चौरस असून एकेक बाजू सुमारें ३४ सेंटिमीटर आहे.

हें चित्र १४ जानेवारी २०२१ रोजीं पॅरिस येथें आर्टक्यूरियाल या पेढीनें लिलावांत काढिलें. हातोडा २६ लक्ष यूरोंवर पडला. पेढीचें शुल्क धरून खरेदीदारास ३१ लक्ष ७५ हजार ४०० यूरो मोजावे लागले. चित्रकथेच्या मूळ चित्रास तोंपर्यंत मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत. विकणारे होते कास्टरमान कुटुंबांतील वारस. त्यांची हकीकत अशी कीं, नापसंत झालेलें चित्र एर्जेनें प्रकाशक लुई कास्टरमान यांच्या सात वर्षांच्या मुलास, जाँ-पॉल यास, भेट दिलें. मुलानें त्याच्या सहापदरी घड्या घालून तें खणांत टाकिलें, आणि तेथें तें अनेक वर्षें पडून राहिलें. घड्यांच्या खुणा चित्रावर स्पष्ट दिसतात. याच्या उलट, एर्जेच्या हक्कांची व्यवस्था पाहणाऱ्या पक्षाचें म्हणणें असें पडलें कीं, भेट वगैरे कांहीं नव्हती. चित्र टपालानें प्रकाशकाकडे धाडतांना त्याच्या घड्या पडल्या, आणि तें परत आलें नाहीं इतकेंच. लिलाव थांबला नाहीं.

येथें आम्हांस आमच्या जुन्या अभ्यासाची आठवण झाली. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे कीं, धनी डोळ्यांनीं पाहत असून बोलत नाहीं आणि दुसरा भोग घेतो, तर भूमि वीस वर्षांनीं व इतर धन दहा वर्षांनीं जातें. लगेच पुढें अपवाद दिले आहेत: गहाण, सीमा, उपनिक्षेप, अज्ञान बालकाचें धन इत्यादि भोगानें जात नाहींत. नारदानें तर शिल्प्याच्या हातीं कामासाठीं सोंपविलेल्या वस्तूसहि निक्षेपाचाच विधि लाविला आहे. छापखान्याकडे ठशासाठीं धाडलेलें चित्र यांत नेमकें बसतें. फ्रान्सच्या दिवाणी संहितेचा नियम मात्र ताबेदारास अनुकूल आहे. जंगम वस्तूच्या बाबतींत सद्भावाचा ताबा हाच तेथें आगम मानितात. याज्ञवल्क्याच्या दहा वर्षांच्या वचनावर मिताक्षराकार विज्ञानेश्वरानें जो अर्थ केला आहे, कीं हानि होते ती फलाची, स्वामित्वाची नव्हे, तो पॅरिसच्या बाजारांत कोणास रुचला नसता.

तेव्हां सगळा प्रश्न एका ठिकाणीं येऊन थांबतो. १९३६ सालीं तें चित्र प्रकाशकाच्या घरीं गेलें तें दान म्हणून कीं निक्षेप म्हणून? दोन्ही पक्षांनीं घड्यांस साक्षीस बोलाविलें आहे. म्हणून घड्यांचाच विचार करूं. आमच्या वाचकांस तो विषय नवा नाहीं. मोडी कागदांवर समास आंखण्याऐवजीं उभी घडी घालीत. ती लेखनापूर्वींची. लखोटा करण्यासाठीं घातलेली घडी लेखनानंतरची, आणि पुढें वारसांनीं डब्यांत कोंबतांना पडलेली तिसरी. शाई घडीवरून वाहते कीं घडींत तुटते, हें पाहून क्रम लावतां येतो. या चित्राच्या घड्या रंग वाळल्यानंतरच्या असणार यांत वाद नाहीं, कारण दोन्ही हकीकतींत तसेंच आहे. ज्या चित्राचें छायाचित्र घ्यावयाचें त्याच्या घड्या चित्रकार स्वतः घालील, हें आम्हांस अवघड वाटतें. घडीची सावली ठशावर उमटते हें धंद्यांतील मनुष्यास शिकवावें लागत नाहीं. पोराच्या खणाची कथा घड्यांच्या दृष्टीनें अधिक सहज आहे.

पण म्हणून भेट सिद्ध होते काय? मुळींच नाहीं. बापाच्या कचेरींतील मेजावर पडलेलें सुंदर चित्र पोरानें उचललें, किंवा बापानेंच त्याच्या हातीं दिलें, तरीहि घड्या त्याच पडतील. घडी सांगते कीं कागद दुमडला गेला. कोणत्या अधिकारानें, तें ती सांगत नाहीं. वारसांच्या बाजूनें सर्वांत बळकट गोष्ट घडींत नसून मौनांत आहे. एर्जे त्यानंतर सुमारें सत्तेचाळीस वर्षें जगला, आणि कास्टरमान हे त्याचे प्रकाशक राहिले. मात्र हें मौन 'पाहत असून न बोलणाऱ्या' धन्याचें होतें, कीं नापसंत चित्र विसरून गेलेल्या कामकऱ्याचें, याचा निर्णय कोणी करावा? त्या काळीं या कागदांस किंमतच नव्हती. किंमत नसलेल्या वस्तूविषयींच्या मौनावरून संमति काढणें आम्हांस धाडसाचें वाटतें.

तुलनेसाठीं अमेरिकेंतील एक भेट घ्या. 'इन्क्रेडिबल हल्क' या मासिकाच्या १९७४ मधील १८० व्या अंकाचें शेवटचें पान हर्ब ट्रिम्प यांनीं काढलेलें. पुढें फार गाजलेलें वुल्व्हरीन हें पात्र त्यांत पहिल्यानें दिसतें. तें त्यांनीं १९८३ सालीं एका पोरवयाच्या वाचकास देऊन टाकिलें. त्यानें तें तीस वर्षें जपलें आणि मे २०१४ मध्यें लिलावास काढिलें, तेव्हां ६,५७,२५० डॉलर आले. उत्पन्न वृद्ध व गरजू चित्रकारांस साहाय्य करणाऱ्या निधीस देण्याचें त्यानें आधींच जाहीर केलें होतें. या भेटीविषयीं शंका उरली नाहीं, कारण देणारा हयात होता. ट्रिम्प वारले ते पुढल्या वर्षीं. पॅरिसच्या आणि या प्रकरणांत दानाचें स्वरूप एकच, लेखी पुराव्याची गरजहि एकच. भेद आहे तो साक्षीदाराच्या आयुष्याचा.

निक्षेपाच्या बाजूचें उदाहरण खुद्द कर्बींचें आहे. मार्व्हल प्रकाशनानें चित्रकारांस पानें परत करण्यास आरंभ केल्यावर इतरांकडून एका पानाच्या कागदावर सही घेतली. कर्बींपुढें मात्र चार पानांचा करार ठेविला, आणि त्याच्या बदल्यांत देऊं केलीं अवघीं ८८ पानें. त्यावर मोठा गवगवा झाला. अखेर १९८७ सालीं त्यांस सुमारें दोन हजार पानें मिळालीं. त्यांनीं काढलेल्या पानांचा तो लहानसा अंश होता. ज्यानें निर्माण केलें त्यानेंच आपला कागद परत मागण्यासाठीं हक्क सोडल्याची सही द्यावी, हा व्यवहार आम्हांस विपरीत वाटतो, मग कायदा कांहींहि म्हणो.

लिलावाचा दुसरा दोष पोथीवाल्यांस चटकन् कळेल: तो पानें सुटीं करतो. जानेवारी २०२२ मध्यें डॅलस येथील हेरिटेज पेढीनें माइक झेक यांनीं १९८४ सालीं काढलेल्या 'सीक्रेट वॉर्स' या मालिकेच्या ८ व्या अंकाचें पंचविसावें पान ३३ लक्ष ६० हजार डॉलरांस विकलें. एक पान! शेजारचीं पानें कोणाकडे, हें लिलावाच्या यादींत पाहूं नये. याच्या उलट, स्पायडरमॅन ज्या १९६२ च्या अंकांत प्रथम अवतरला त्याचीं स्टीव्ह डिटको यांनीं काढलेलीं चोवीसहि पानें २००८ सालीं कोणा निनांवी गृहस्थानें वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिलीं. आज तीं एकत्र पाहतां येतात. कोठें पांढरा रंग लाविला, कोठें खोडलें, हें ओळीनें वाचतां येतें. त्या निनांवी मनुष्यास आमचा दुरून नमस्कार.

कायद्याची थोडी माहिती संग्राहकांस उपयोगी पडेल. फ्रान्सनें १९२० सालींच नियम केला कीं, चित्र पुनः विकलें गेलें तर चित्रकारास किंवा त्याच्या वारसास वांटा मिळावा. युरोपांतील सध्यांच्या नियमानें तो १२,५०० यूरोंवर जात नाहीं. आपल्याकडेहि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें कलम ५३-अ घातलें गेलें. तें केवळ चित्रांपुरतें नाहीं. साहित्यकृतीच्या मूळ हस्तलिखितासहि लागू आहे. पुनर्विक्री दहा हजार रुपयांवर असेल तर, मूळ हक्क ज्याचा होता त्या लेखकास वा वारसास, कॉपीराइटची मुदत असेपर्यंत, कमाल दहा टक्क्यांपर्यंत वांटा मागतां येतो. कवींच्या वह्या विकत घेणाऱ्या आमच्या मित्रांपैकीं किती जणांस हें ठाऊक आहे? आणि ज्या हस्तलिखितास ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असून पंचाहत्तर वर्षें झालीं, तें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें. खासगी मनुष्यास तें परदेशीं धाडतां येत नाहीं.

आतां रुमाल. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही ज्या गांवीं शिक्षक होतों तेथील एका वृद्ध गृहस्थांनीं नऊ मोडी बंद आमच्याकडे आणून दिले. "मास्तर, यांत काय आहे तें वाचून सांगा," एवढेंच ते बोलले. कागद इनामाच्या तंट्याचे होते. वाचून सांगावयास गेलों तों ते आजारी होते, महिन्याभरांत वारले. मुलास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "असूं द्या गुरुजी तुमच्याकडेच, आमच्याकडे वाळवी लागेल." हें दान झालें काय? इतकीं वर्षें आम्हीं तसें मानिलें, दोन लेखांत ते कागद 'आमच्या संग्रहांतील' म्हणून उद्धृतहि केले. पॅरिसचें प्रकरण वाचल्यावर मात्र तो शब्द टोचूं लागला. बापानें दिले ते वाचण्यासाठीं. मुलाच्या तोंडचें वाक्य नीट पाहिलें तर तेंहि सांभाळण्याविषयीं आहे, देण्याविषयीं नाहीं.

गेल्या चैत्रांत आम्हीं त्यांच्या नातवाचा पत्ता मिळवून पत्र घातलें. उत्तर आलें. त्यास मोडी येत नाहीं. त्यानें विनयानें विचारिलें कीं, लिलावांत यांचे किती येतील? आम्हीं त्यास १९७२ चा कायदा कळविला, कागदांचा सारांश लिहून धाडला, आणि नेण्यास केव्हांहि यावें म्हणून लिहिलें. तो अद्याप आलेला नाहीं. रुमालावरील जुनी चिठ्ठी काढून आम्हीं दुसरी बांधली आहे. तींत आणून देणाराचें नांव, वर्ष, मुलाचें वाक्य जसेंच्या तसें, आणि 'वाचावयास आलेले, बंद ९' एवढें लिहिलें आहे.