मोरसची साखर आणि आपली माणसं

जुन्या माणसांच्या तोंडी ‘मोरस साखर’ हा शब्द असायचा. पांढरी, बारीक साखर. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथून ती साखर मुंबई बंदरात यायची. पण ज्यांच्या घामावर तो ऊस वाढला, त्यांत आपलेही लोक होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

सध्या पोस्टिंग जबलपूरला आहे. इथे ग्रेनेडियर्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. या रेजिमेंटची मुळं जुन्या मुंबई आर्मीत आहेत, आणि मुंबई आर्मीचा इतिहास चाळला की हिंदी महासागरातली ही बेटं लागतातच. 1809 मध्ये इंग्रजांनी रॉड्रिग्ज बेटावर तळ टाकला आणि तिथून शेजारच्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, छापा घातला. त्या तुकडीत मुंबईच्या नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई होते. 1810 च्या ऑगस्टमध्ये ग्रँड पोर्टच्या समुद्रात फ्रेंचांनी इंग्रजी आरमाराला चांगलाच तडाखा दिला. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलेलं आहे. पण डिसेंबरात बेट इंग्रजांकडे गेलंच. शरणागतीच्या अटी मात्र उदार होत्या: फ्रेंच कायदे, भाषा, धर्म सगळं तसंच राहिलं. म्हणून दीडशे वर्षं इंग्रजी अंमल असूनही तिथे घराघरात फ्रेंचमधून घडलेली क्रिओल बोलतात.

बेट केवढं? साधारण 2040 चौरस किलोमीटर, आपल्या या जबलपूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. ज्वालामुखीतून वर आलेलं, भोवती प्रवाळाची भिंत, मध्ये पठार, सर्वांत उंच डोंगर 828 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्माच. डचांच्या आधी तिथे माणसांची वस्तीच नव्हती. सगळेच बाहेरून आलेले, कुणी मालक म्हणून, कुणी साखळदंडात.

भारतातून आधी गेले ते कैदी. 1815 पासून बंगाल आणि मुंबईहून जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधायला पाठवले. 1836 मध्ये चार्ल्स डार्विन तिथे उतरला तेव्हा असे सुमारे 800 कैदी होते. त्यांची रुबाबदार चेहरेपट्टी पाहून तो थक्क झाला होता.

मग गुलामगिरी संपत आली आणि मळेवाल्यांना हात हवे झाले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला आले. पगार महिना पाच रुपये आणि शिधा. कागदोपत्री त्यांना ‘धांगड’ म्हटलंय. हे आपले धनगर नव्हेत, छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी. त्यानंतर साडेचार लाखांच्या आसपास भारतीय गिरमिटावर गेले. बहुतेक बिहार-पूर्वांचलचे, मग मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडचे मराठी. बंदरावरच्या ज्या सोळा पायऱ्या चढून त्यांनी बेटावर पाऊल ठेवलं, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे.

कारकुनानं रजिस्टरात आडनाव नव्हे, बापाचं नाव लिहिलं. पुढे तेच आडनाव झालं. म्हणून तिथल्या मराठी कुटुंबांत मोरे-सावंत शोधू नका. आज साडेबारा लाखांच्या देशात मराठी साधारण दोन टक्के. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, सरकारी शाळेत मराठी विषय घेता येतो. पण घरात बोलणं क्रिओलमध्ये. मराठी उरली आरतीत, पूजेत आणि परीक्षेच्या पेपरात.

इथे जबलपुरातही मराठी घरं आहेत. हा मुलूख 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे नोकरीसाठी, कारखान्यांसाठी आणखी आले. इथली पोरं हिंदीत भांडतात आणि आजीशी मराठीत बोलतात. आजी गेली की काय, हा प्रश्न मला मॉरिशसपेक्षा इथेच जास्त सतावतो, कारण इथून महाराष्ट्र एका रात्रीच्या गाडीवर आहे. सातासमुद्रापार गेलेल्यांना ती सोय कधीच नव्हती.

माजी सैनिक मित्रांसाठी एक गोष्ट. 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झालेल्या या देशाला सैन्यच नाही. पोलिसांतलं एक दल आणि तटरक्षक दल, एवढंच. तटरक्षक दलाची ‘बाराकुडा’ ही गस्ती नौका कोलकात्यात बांधलेली आहे.

आलेल्या प्रत्येक मजुराचा नंबर, जहाज आणि गाव लिहिलेली जुनी रजिस्टरं तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. तुमच्या घरात कुणी पणजोबांचा भाऊ ‘मोरसला गेला तो आलाच नाही’ असं ऐकलं असेल, तर त्याचं नाव त्या पानांवर असू शकतं.