बचावात्मक खेळाविरुद्धची प्रारंभिक मांडणी (बुद्धिबळ)

सुरुवातीपासून चढाई न करता मुख्यतः आपल्याच पहिल्या तीन रांगांत मोहरे रचून थांबणाऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध निवडलेली प्याद्यांची व मोहऱ्यांची रचना. असा खेळाडू समोरच्याच्या घाईवर टपलेला असतो. त्यामुळे या मांडणीत झटपट हल्ल्यापेक्षा पटावर जास्त जागा मिळवणे आणि प्रतिस्पर्ध्याची सुटकेची प्यादेखेळी रोखून धरणे महत्त्वाचे ठरते.

प्रमुख रचना : ए६, बी६, डी६, ई६ अशी प्यादी ठेवणाऱ्या काळ्याच्या ‘हेजहॉग’ रचनेसमोर पांढरा सी४ व ई४ ही प्यादी रोवतो. हंगेरियन खेळाडू गेझा मारोत्सी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बंध बी५ आणि डी५ या सुटकेच्या खेळ्यांवर नजर ठेवतो. फिलिडोर बचावात काळा डी६, ई५ अशी प्यादी मांडतो. तेथे पांढरा ई४, डी४ घेऊन ए४ने बी५ला आळा घालतो. पांढऱ्यानेच डी४, उंट एफ४, ई३, सी३ अशी ठरावीक ‘लंडन’ मांडणी केली, तर काळा लवकर सी५ खेळून वजीर बी६वर आणतो. उंटाने सी१ सोडल्याने बी२चे प्यादे उघडे पडलेले असते.

तत्त्वे : जागा जास्त असेल त्याने मोहऱ्यांची मारामारी शक्यतो टाळावी, कारण प्रत्येक मारामारीने कोंडलेल्या बाजूचा श्वास मोकळा होतो. किल्लेकोट पूर्ण झाल्यावर एकाच ठिकाणी जोर न लावता पटाच्या दोन्ही बाजूंना कमजोरी निर्माण करावी. केंद्र मात्र पेलवेल तेवढेच वाढवावे. कारण दबलेली रचना सहज मोडत नाही : बोरिस स्पास्की यांनी १९६६च्या जागतिक लढतीत टिग्रान पेट्रोसियान यांच्याविरुद्ध ‘हिप्पोपोटेमस’ ही पूर्ण दबलेली रचना वापरून डाव बरोबरीत राखले होते.

भारतीय पूर्वपीठिका : देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले, त्यामुळे संथ रचना येथे रुळल्या होत्या. कलकत्त्यात १८५०च्या दशकात मोहेशचंद्र बंद्योपाध्याय यांनी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध अशाच रचना खेळल्या आणि १८५५च्या एका डावात त्याचे भक्कम केंद्र पोखरून विजय मिळवला. ‘इंडियन’ नावाच्या बचावांचा उगम या डावांशी जोडला जातो.

खानदेशातील संदर्भ : जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शालेय बुद्धिबळपटू जिल्हा पातळीवरून नाशिक विभागात आणि तेथून राज्य स्पर्धेत जातात. जळगावात जैन इरिगेशनच्या पाठबळावरील जैन स्पोर्ट्स अकॅडमी या खेळाला प्रोत्साहन देते. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत पुढचा प्रतिस्पर्धी आदली फेरी संपल्यावरच ठरतो आणि दुबळ्या खेळाडूशी झालेली बरोबरी अर्ध्या गुणासह मानांकनही घटवते. त्यामुळे प्रत्येक प्रारंभाच्या खेळ्या पाठ करण्यापेक्षा मोजक्या प्यादेरचना आणि त्यांतील सुटकेच्या खेळ्या ओळखण्याची तयारी अशा स्पर्धांत अधिक उपयोगी पडते.