गुण, बाधा आणि रोग्याची हकीकत

औषध 'लागू पडले', 'गुण आला', 'बाधले' ही मराठीतील रूढ क्रियापदे पाहिली, तर ती सारी रोग्याच्या तोंडची आहेत हे ध्यानात येते. औषधाची परीक्षा प्रयोगशाळेत होते. त्याचा अनुभव मात्र घरी, अंथरुणावर येतो आणि तो प्रथम हकीकतीच्या रूपातच ऐकू येतो. या हकीकतीला औषधव्यवहारात स्थान कसे मिळत गेले, हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकानेही पाहावा असा आहे.

वाग्भटाने अष्टांगहृदयात रोगिपरीक्षेची तीन साधने सांगितली: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रोग्याला बोलते करणे हे वैद्याचे कामच होते. पुढे छापील युगात हे बोलणे विक्रेत्याच्या हाती गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औषधांच्या जाहिरातींसोबत रोग्यांची प्रशंसापत्रे छापली जात. त्यांचे कथानक ठरलेले: सारे उपाय थकले, अमुक बाटली घेतली, गुण आला. 'बाधले' म्हणणाऱ्याचे पत्र तेथे येणे शक्यच नव्हते, कारण पत्रांची निवड औषध विकणाराच करी. १९५४ च्या 'औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)' कायद्याने ठराविक रोगांबाबत अशा जाहिरातींना बंदी केली. स्तुतीला आवर बसला. तक्रारीला जागा मिळाली, असे मात्र नव्हे.

तक्रारीचे मोल जगाला कसे कळले, याचे १९७१ मधील उदाहरण बोलके आहे. बोस्टनमध्ये आठ तरुण मुलींना अतिशय दुर्मिळ असा योनिमार्गाचा कर्करोग झाला. त्यांपैकी एकीच्या आईने, गरोदरपणी आपण घेतलेल्या 'स्टिल्बेस्ट्रॉल'चा याच्याशी संबंध असेल का, असे डॉक्टरांना विचारले. तपासाअंती आठांपैकी सात मातांनी ते औषध घेतल्याचे दिसले. तुलनेसाठी निवडलेल्या ३२ मातांपैकी एकीनेही घेतले नव्हते. आईची शंका हा पुरावा नव्हता. परंतु तिच्यावाचून पुरावा कोठे शोधायचा हे कळले नसते.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. पुढे रुग्णालाही स्वतः नोंद करण्याची सोय झाली. पण हकीकत नोंदीपुरतीच राहत नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ मध्ये क्षयावरील कानामायसिनच्या इंजेक्शनांनी गेली. हा धोका वैद्यकशास्त्राला ठाऊक होता. रोग्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही श्रवणशक्ती अशीच गेली होती. बेडाक्विलिन या तोंडाने घ्यावयाच्या औषधाची पेटंट-मक्तेदारी लांबू नये, म्हणून दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. रोग्याची हकीकत येथे औषधाच्या किमतीपर्यंत पोहोचली.

आता प्रश्न उरतो तो रोजच्या ऐकण्याचा. नाशिकमध्ये १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. शहरातील जुनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी महाविद्यालये मात्र पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. रोग्याचे ऐकणारा आणि त्याला औषध देणारा एकाच गावात, पण दोन छत्रांखाली शिकतात. तरीही बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात रुग्णाच्या औषधेतिहासाची मुलाखत आहे, आणि २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाशी समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले आहे.

तथापि मुलाखत घेणे म्हणजे रकाने भरणे नव्हे. 'गोळीने कसेतरीच होते' असे एखाद्या आजी दुकानात सांगतात, तेव्हा 'कसेतरीच' या शब्दात चक्कर आहे, मळमळ आहे की धडधड, हे पुढच्या प्रश्नावाचून उलगडत नाही. तो प्रश्न न विचारल्यास आजी गोळी परस्पर बंद करतात, आणि चिठ्ठीवर मात्र ती चालूच असते. शब्दाशी थांबून त्याचा अर्थ विचारण्याची जी सवय आपण साहित्याच्या वर्गात लावू पाहतो, तिची गरज औषधाच्या दुकानातही तितकीच आहे.