पगाराचं कलम आणि नेमणुकीचं कलम

केरळात 1957 साली आलेलं कम्युनिस्ट सरकार शिक्षण विधेयकामुळे बुडालं आणि ते आणणारे शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी हे राजकारण न उमगलेले प्राध्यापक होते, हा निवाडा मला अपुरा वाटतो. मुंडश्शेरी मल्याळमचे नामवंत समीक्षक. जन्माने कॅथलिक असलेल्या या माणसाने त्रिशूरच्या सेंट थॉमस या मिशनरी कॉलेजात 1952 पर्यंत अध्यापन केलं. त्यामुळे खासगी शिक्षणसंस्थांचा कारभार त्यांनी आतून पाहिलेला होता. पूर्ण पगाराच्या आकड्यापुढे सही करायची आणि हातात त्याहून कमी घ्यायचं, ही त्या काळच्या खासगी शाळांतल्या शिक्षकांची जुनी तक्रार होती. अनुदान सरकारचं, पण नोकरी मॅनेजरच्या मर्जीवर. मुंडश्शेरींच्या विधेयकाचं मूळ पक्षाच्या जाहीरनाम्याइतकंच शिक्षकांच्या या अवस्थेत आहे.

विधेयकाच्या नवव्या कलमाने अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकारने थेट किंवा मुख्याध्यापकामार्फत द्यावा, असं ठरवलं. अकराव्या कलमानुसार मॅनेजरने लोकसेवा आयोगाच्या यादीतूनच शिक्षक नेमायचे होते. पुढच्या कलमांत शाळा ताब्यात घेण्याचा अधिकार होता. हा अल्पसंख्याकांच्या हक्कांवर घाला आहे, हा खासगी शाळा चालवणाऱ्या चर्चचा आक्षेप पोकळ नव्हता. राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मे 1958 मध्ये मत दिलं, त्यात शाळा ताब्यात घेण्याच्या तरतुदी अल्पसंख्याक संस्थांपुरत्या घटनाबाह्य ठरल्या. पण त्याच मतात न्यायालयाने असंही बजावलं की, संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. अनुदानाच्या बदल्यात घातलेली नेमणुकीची अट न्यायालयाला जाचक वाटली, तरी त्याने ती मान्य केली. म्हणजे विधेयकाचा गाभा घटनेच्या कसोटीला उतरला.

मग सरकार का गेलं? याच सरकारने जमीनसुधारणेचाही कायदा हाती घेतला होता, त्यामुळे जमीनदार हितसंबंध आधीच बिथरले होते. मन्नत्तु पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखालची नायर समाजाची संघटना, नायर सर्व्हिस सोसायटी, चर्चच्या बाजूने उभी राहिली. जून 1959 मध्ये अंगमाली इथे सरकारविरोधी आंदोलकांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली आणि 31 जुलैला केंद्राने सरकार बरखास्त केलं. एवढ्या सगळ्याचं खापर एका प्राध्यापकाच्या भोळेपणावर फोडणं न्याय्य नाही. त्यांची चूक दाखवायचीच तर ती वेगळी आहे. पगार, नेमणूक आणि शाळा ताब्यात घेणं या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच विधेयकात घातल्या. त्यामुळे पगाराच्या हमीला विरोध करायला ज्यांना तोंड नव्हतं, त्यांना धर्मरक्षणाचा झेंडा मिळाला.

तरीही हिशेब नंतरच्या घटनांवरून मांडायला हवा. विधेयकाचा कायदा झाल्यावर पुढच्या सरकारने 1960 मध्ये त्यातलं अकरावं कलम बदलून नेमणुकीचा अधिकार मॅनेजरांकडे परत दिला. पगाराच्या नवव्या कलमाला मात्र हात लावला नाही. 1971 साली मुंडश्शेरी कोचीन विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, पण त्यांचं खरं कार्य या टिकलेल्या कलमात आहे. शिक्षकाचा पगार ही व्यवस्थापनाची मेहेरबानी राहिली नाही. पगार सरकारी तिजोरीतून आणि निवड मात्र संस्थाचालकाच्या हाती, हा पेच महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांनाही परका नाही. मुंडश्शेरींनी तो 1957 मध्येच पुरता ओळखला होता आणि अर्धा सोडवलाही होता. उरलेला अर्धा राहिला, कारण त्यासाठी लागणारी समाजाची संमती कोणत्याही मंत्र्याला एका विधेयकाने मिळत नाही.